पाढा ‘येतो’ म्हणजे नेमके काय?

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत पाढ्यांवर लेख कशाला, असे कुणाला वाटेल. पण गणपती ही बुद्धीची देवता. बुद्धी मोजता येते का, ती कशाने मोजावी आणि मोजून झाल्यावर पुढे काय करावे, हा प्रश्न दर जून महिन्यात आपल्यापैकी अनेकांच्या घरी येऊन बसतो. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत इयर फोरच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची पाढ्यांची चाचणी असते. ती कागदावर नसून पडद्यावर असते. टॅब्लेट किंवा लॅपटॉपवर एकापाठोपाठ २५ गुणाकार येतात. प्रत्येकाला सहा सेकंद, मग तीन सेकंद कोरा पडदा, की लगेच पुढचा. पाढे बारापर्यंतचे, त्यातही ६, ७, ८, ९ आणि १२ वर भर. कोविडमुळे लांबलेली ही चाचणी २०२२ च्या जूनपासून सक्तीची झाली. पास-नापास काही नाही. पहिल्या वर्षी देशाची सरासरी २५ पैकी १९.८ होती, २०२४ मध्ये ती २०.६ झाली. पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुले २७ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर गेली.

आकडे चांगले आहेत. मग प्रश्न कुठे आहे?

आपल्या भाषेत एक गंमत आहे. इंग्रजीत मूल पाढा ‘जाणते’, मराठीत मुलाला पाढा ‘येतो’. जणू तो कुठेतरी आत बसलेला आहे आणि हाक मारली की बाहेर येतो. आता हाक मारल्यावर त्याने किती वेळात यावे? सरकारचे म्हणणे असे की, सहा सेकंदांत पाठ असलेले उत्तर आठवून टंकता येते, पण हिशेब करून काढायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणजे पाठ असणे आणि हिशेब करता येणे यांतला फरक पकडण्यासाठीच हे घड्याळ आहे. यात लबाडी काही नाही. पाठांतर मोजायचे असे ठरवले आणि तेच मोजले. अडचण सुरू होते ती आपण त्या आकड्याला ‘गणित येते का’ याचे उत्तर समजू लागतो तेव्हा.

पाठांतराला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. तिन्हीसांजेला शुभंकरोती झाल्यावर परवचा म्हणणाऱ्या घरात मी वाढले. आमच्या आधीच्या पिढीला तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, इतकेच नव्हे तर साडेतीनची औटकीसुद्धा तोंडपाठ असे. वाण्याचा हिशेब ते बोटांवर न मोजता करत. पण परवच्यात एक सोय होती. ज्याला तेराचा पाढा येत नसे, तो त्या पाढ्याला आवाज बारीक करून नुसते ओठ हलवी. चाळीस मुलांच्या कोरसमध्ये अशी चार-पाच मुले वर्षानुवर्षे लपून राहत. ती लपली याचे कुणाला दुःख नसे, कारण ती लपली आहेत हेच कुणाला कळत नसे. पडद्यासमोर एकटे बसवल्यावर तसे लपता येत नाही. यंत्राच्या बाजूने ही मोठी गोष्ट आहे, आणि ‘आमच्या वेळी कसे छान होते’ म्हणणाऱ्यांनी ती विसरू नये. यंत्र आडनाव विचारत नाही, वडील काय करतात हे विचारत नाही, मुलाच्या इंग्रजी उच्चारांना हसत नाही. भारतात तोंडी परीक्षा दिलेल्या कुणालाही याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण यंत्र आडनाव विचारत नाही म्हणजे ते निःपक्षपाती असते, असेही नाही. माझा व्यवसायच मोजण्याचा, म्हणून त्यातलेच उदाहरण देते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर सर्वांच्या ओळखीचा झाला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, रक्तातला ऑक्सिजन धोकादायक कमी झालेला असूनही हे यंत्र तो ठीक दाखवते, आणि असे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडते. इथेही सरकारने डेम मार्गारेट व्हाइटहेड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली आणि मार्च २०२४ मध्ये तिचा अहवाल आला. यंत्राच्या मनात वर्णद्वेष नव्हता, त्याला मनच नव्हते. पण त्यातला प्रकाश कातडीतून जातो, आणि सगळ्यांची कातडी सारखी नसते.

आता त्या सहा सेकंदांकडे या नजरेने पाहा. इंग्रजीत ‘सिक्स्टी-थ्री’ म्हणणाऱ्या मुलाचे बोट आपोआप आधी ६ वर जाते. मराठीत आपण म्हणतो ‘सात नवे त्रेसष्ट’. आधी तीन, मग साठ. मनात ‘त्रेसष्ट’ उमटलेल्या मुलाला तो आकडा उलटा करून मग कळ दाबावी लागते. गेल्या काही वर्षांत पुण्या-नागपूरहून नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांत अशी मुले बरीच आहेत. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यानामे आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मंगला नारळीकर बाईंनी तेव्हा शांतपणे बाजू मांडली होती की, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने लहान मुलांचा गोंधळ होतो. त्यांची टिंगल करणाऱ्यांनी इथल्या एखाद्या मुलाला ३६ की ६३ या विचारात दोन सेकंद घालवताना पाहायला हवे होते. शिवाय आपला पाढा चालीवर असतो. सात आठे विचारले की मूल ‘सात एके सात’पासून निघते आणि धावत छप्पन्नपर्यंत पोहोचते. पाढा त्याला येतो, फक्त पायऱ्यांनी येतो. या चाचणीत अडचण असलेल्या मुलांसाठी प्रश्न मोठ्याने ऐकवण्याची, दोन प्रश्नांमध्ये थांबण्याची, दुसऱ्याकडून उत्तर टंकून घेण्याची सोय आहे, पण सहा सेकंदांचे सात होत नाहीत.

महाभारतात द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा आपल्याला पाठ आहे. झाडावर पक्षी, प्रश्न एकच: काय दिसते? अर्जुनाला डोळा दिसला, तो उत्तीर्ण. युधिष्ठिराला झाड दिसले, भाऊ दिसले, गुरू दिसले, तो बाजूला. धनुर्धर निवडायचा असेल तर परीक्षा अगदी योग्य. माझे ऑपरेशन करायला मलाही अर्जुनच हवा. पण जी.पी. म्हणून मी युधिष्ठिराकडेच जाईन, कारण ज्याला पक्ष्याबरोबर झाडही दिसते, त्यालाच खोकल्यामागची ओली खोली आणि सुटलेली नोकरी दिसते. द्रोणांनी युधिष्ठिराला ‘तुला दिसत नाही’ असे ठरवले असते तर तो अन्याय झाला असता. त्याला जास्तच दिसत होते.

मोजण्याने मोजली जाणारी वस्तू बदलते, हेही आम्हा डॉक्टरांना रोज दिसते. दवाखान्यात आले की कित्येकांचा रक्तदाब चढतो आणि घरी गेल्यावर उतरतो. त्यावर उपाय काय काढला? रक्तदाब मोजणे सोडले नाही. २०११ साली नाइस या संस्थेने सांगितले की, एका मापावर निदान करू नका, रुग्णाला यंत्र बांधून घरी पाठवा, दिवसभर मापे घ्या. म्हणजे यंत्र कमी नाही केले, उलट वाढवले, पण त्यातली भीती काढली. शाळांतही हे होऊ शकते, काही ठिकाणी होतेही. टाइम्स टेबल्स रॉक स्टार्ससारख्या खेळांवर मुले घरी रोज पाच मिनिटे पाढे खेळतात. कुणाला सात आठे अडते, कुणाला बारा नवे, हे शिक्षिकेला दिसते. तिथे निकाल म्हणजे उद्या काय शिकवायचे याची चिठ्ठी असते. वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या चाचण्याही पडद्यावरच होतात, पण मुलाच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होत जातो. तिथेही वाद आहेतच. २०१८ मध्ये स्कॉटिश संसदेने पाच वर्षांच्या मुलांच्या चाचण्या थांबवाव्यात असे मतदान केले, तरी सरकारने त्या चालू ठेवल्या.

आणि मोजणाऱ्याने मुलाकडे न पाहताच मोजले तर काय होते, ते २०२० च्या ऑगस्टमध्ये सगळ्या देशाने पाहिले. परीक्षा रद्द झालेल्या. शिक्षकांनी ए लेव्हलच्या श्रेणींचे अंदाज पाठवले, आणि ऑफक्वालच्या गणिती सूत्राने त्या शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल पाहून ते ‘दुरुस्त’ केले. १३ ऑगस्टला इंग्लंडमध्ये जवळजवळ ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाहून खाली आल्या. अगदी लहान वर्गांत मात्र शिक्षकांचाच अंदाज धरला होता, आणि लहान वर्ग कुठल्या शाळांना परवडतात हे सांगायला नको. हुशार मूल साध्या शाळेत असेल तर त्याच्या आधी त्या बाकावर बसून गेलेल्यांच्या गुणांचे ओझे त्याच्या माथी आले. चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारने माघार घेतली. सूत्र एकूण देशासाठी फार चुकीचे नव्हते म्हणतात. पण सरासरीला मेडिकलची जागा नको होती, त्या मुलीला हवी होती.

वैद्यकशास्त्रात १९६८ पासून एक संकेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी तो लिहून ठेवला: ज्या आजारावर उपचार देता येतो, त्याचीच सरसकट तपासणी करावी. म्हणून इथे पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतात, कारण थायरॉईडची कमतरता तेव्हा सापडली तर गोळीने मूल सुधारते. उपचार हाती नसताना नुसते निदान सांगणे हा रुग्णावर टाकलेला बोजा आहे. मला वाटते, पाढ्यांच्या चाचणीचा नैतिक प्रश्न इथे आहे, सहा सेकंदांत नाही. नऊ गुण मिळालेल्या मुलाच्या पालकांना शाळा आकडा कळवते. त्याबरोबर काय देते? गरीब घरांतल्या मुलांची सरासरी इतरांहून दोनापेक्षा अधिक गुणांनी मागे आहे, हे दरवर्षी प्रसिद्ध होते. ते प्रसिद्ध करणाऱ्याने त्यांच्यासाठी किती शिकवण्या उभ्या केल्या, तेही शेजारच्या रकान्यात छापायला हवे. आणि घरी आपण काय देतो? आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ‘पंचवीसपैकी किती?’ हा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे. मूल आईच्या पदराआड गेले. नवव्या वर्षी ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य एकदा आत बसले, की त्यावर गोळी नाही.

व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहायचे ठरले, ती कथा आपण सगळे मुलांना सांगतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ती मूळ संहितेतून बाजूला काढली आहे, पण लोकांच्या मनातून ती कोण काढणार? गणपतीची अट, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट, अर्थ कळल्याशिवाय लिहू नये. मग व्यास मधूनमधून कूट श्लोक घालत, आणि सर्वज्ञ गणेशालाही क्षणभर विचार करावा लागे. त्या अवधीत व्यास पुढचे रचून घेत. थांबला म्हणून गणपतीला श्लोक ‘येत नव्हता’ असे कुणी म्हटलेले नाही.

आमच्या रविवारच्या मराठी वर्गात एका मुलीला सात आठे विचारले. ती गप्प. मग म्हणाली, “सात साते एकोणपन्नास मला माहितीये. त्यात अजून सात.” आणि बोटांवर मोजत छप्पन्नवर आली. अकरा सेकंद लागले असतील. पडद्याने तिला शून्य दिले असते. शेजारच्या मुलाने एका सेकंदात छप्पन्न सांगितले. “कसे रे?” विचारल्यावर म्हणाला, “असंच असतं.” दोघांनाही पाढा येतो असे आम्ही वहीत लिहिले. मुलीला आता रोजचा सराव देतो आहोत, म्हणजे ती सहा सेकंदांत बसेल. मुलाला मात्र काय द्यायचे, याबद्दल शिकवणाऱ्या ताईंचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.