तबकडीचे उपचार : विधी, झीज आणि श्रवणाची नैतिकता

यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृती विधीवरील परावलंबनातून मुक्त होते, हे वॉल्टर बेंजामिन यांचे १९३६ सालचे प्रतिपादन समीक्षाव्यवहारात आता रूढ झाले आहे. मूळ कृतीभोवती असणारे वलय प्रतीला नसते. म्हणूनच प्रत कोठेही, कोणापुढेही जाऊ शकते, असा त्याचा आशय. ध्वनिमुद्रिकेचा व्यवहार मात्र या सिद्धांतापुढे एक पेच उभा करतो. तबकडी ही निखळ प्रत असते. एकाच साच्यातून तिच्यासारख्या असंख्य निघतात. तरीही तिच्याभोवती एक संपूर्ण विधी निर्माण झाला. वेष्टनातून ती कडेने धरून काढणे, खाचांना बोट लागू न देणे, मऊ कुंचल्याने धूळ टिपणे, सुई अलगद टेकवणे आणि पहिला सूर उमटेपर्यंत स्तब्ध राहणे, या क्रमाचे पूजेतील उपचारांशी असलेले साम्य उघड आहे. २०२० साली अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८०च्या दशकानंतर प्रथमच सीडीच्या उत्पन्नापेक्षा अधिक झाले. हा विधी केवळ स्मरणरंजनापुरता उरलेला नाही, असाच याचा अर्थ. प्रश्न असा की, त्याला काही नैतिक आशय आहे, की ते निव्वळ कर्मकांड आहे?

कर्मकांडाचा आक्षेप सहज बाजूला सारता येत नाही. संगीतातील वस्तुपूजेविषयीच्या १९३८ सालच्या निबंधात अडोर्नो यांनी असे सुचवले होते की, तोस्कानिनींच्या मैफलीचे तिकीट काढणारा श्रोता वस्तुतः त्या तिकिटासाठी स्वतः मोजलेल्या पैशाचीच पूजा करीत असतो. तबकडीच्या संग्राहकाला हे अधिकच लागू पडते. पहिल्या आवृत्तीची, वेष्टन न फोडलेली तबकडी कपाटात जपून ठेवणारा संग्राहक संगीताची सेवा करतो, असे म्हणणे धाडसाचे होईल. येथे उपचार आहेत. देवता मात्र बदललेली आहे.

तथापि हा आक्षेप तबकडीच्या एका मूलभूत गुणधर्माची दखल घेत नाही. तो गुणधर्म म्हणजे झीज. लाखेपासून बनलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर पोलादी पिन घासत जाई आणि प्रत्येक बाजूनंतर ती बदलावी लागे. १९४८ साली आलेल्या दीर्घवादी तबकडीने हा भार पुष्कळ हलका केला. पण सुई आणि खाच यांचे घर्षण संपले नाही, आणि खाचेत साचलेली धूळ त्यात भरच घालते. म्हणजे येथे ऐकणे हे काही अंशी नष्ट करणेही असते. वाचनाने कविता झिजत नाही. तबकडी मात्र प्रत्येक श्रवणाची किंमत आपल्या देहाने चुकवते. या दृष्टीने पाहता धूळ टिपणारा हात वस्तूची पूजा करीत नसून एका ऋणाची कबुली देत असतो.

या ऋणाला दुसरी बाजू कलावंताची आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर विस्तारू शकणारा राग गायकाने त्या अवकाशात बसवला. कलावंताने पत्करलेल्या या संयमाला श्रोत्याचा संयम हे उचित उत्तर ठरते. बाजू संपताच उठणे आणि तबकडी उलटणे या क्षुल्लक कृतींतून श्रोता त्या मर्यादेत सहभागी होतो.

त्यामुळे विधी आणि कर्मकांड यांतील सीमारेषा उपचारांच्या बारकाव्यावर ठरत नाही. झिजेचा स्वीकार हा तिचा निकष आहे. न वाजवलेली तबकडी अक्षत राहते, पण मुकी राहते. याचे टोकाचे उदाहरण पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर दूर आहे. १९७७ साली प्रक्षेपित झालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तीत केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. सोबत सुई आहे. वेष्टनावर ती कशी टेकवावी आणि तबकडी किती वेगाने फिरवावी, याच्या आकृत्या कोरल्या आहेत. विधी पाठवला गेला आहे. हात मात्र नाही. हाताच्या अभावी ती भैरवी सुरक्षित आहे, आणि त्याच कारणाने तेथे ती कोणी ऐकलेली नाही.

बेंजामिन यांच्या विवेचनातील वलय मूळ कृतीच्या एकमेवत्वातून येते. तबकडीभोवतीचा विधी मात्र प्रतीच्या नश्वरतेतून येतो. एकाच साच्यातून निघालेल्या दोन तबकड्या चाळीस वर्षांनी एकसारख्या राहत नाहीत. त्यांच्यावरील ओरखडे त्यांना वेगळे करतात, आणि ते ओरखडे वापराचे असतात. म्हणून येथे जुन्या वलयाचे पुनरागमन झाले आहे, असे म्हणता येणार नाही. प्रतीने आपला स्वतंत्र इतिहास मिळवला आहे, इतकेच म्हणता येईल. आज बहुतांश श्रवण ज्या माध्यमांतून होते, तेथे कितीही वेळा ऐकले तरी ध्वनी झिजत नाही. अवधानाचे ऋण तेथेही उरतेच. त्याची आठवण करून देणारी खरखर मात्र तेथे नसते.