नवव्या परिशिष्टातली आपली जमीन

चि. छकुली,

मिनू मसानींचं एक जुनं पुस्तक तुझ्या हाती पडलं आणि तू लिहिलंस, "आजोबा, हे तर मालमत्तेची बाजू घेणारे लोक. कुळाच्या घरातल्या माणसानं यांचं का ऐकायचं?" विशीत मीही हेच विचारायचो, तुझ्यापेक्षा चिडून.

माझे वडील खोताचं कूळ. १ एप्रिल १९५७ ला कुळकायद्यानं कसणारा मालक ठरला आणि पावणेदोन एकर भातजमीन आपली झाली. किंमत हप्त्यांनी फेडली. आईच्या पाटल्या त्यातच गेल्या. कायदा मूळचा १९४८ चा. जमीनदारांनी असे कायदे कोर्टात पाडू नयेत म्हणून १९५१ मध्ये, पहिल्याच घटनादुरुस्तीत, राज्यघटनेला नववं परिशिष्ट जोडलं गेलं. मूलभूत हक्कांना बाध येतो एवढ्या कारणावरून त्यातला कायदा कोर्टाला रद्द करता येईना. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते. दुसराच आपला.

१९६४ मध्ये १७ व्या दुरुस्तीनं त्यांचे ६४ झाले. राजाजी, रंगा, मसानी यांच्या स्वतंत्र पक्षानं तिला विरोध केला. त्या पक्षात संस्थानिक होते, उद्योगपती होते. त्यांना आपापली मिळकत राखायची होती, हे मी आजही म्हणेन. पण त्या विरोधात आणखी काही होतं, ते मला तेव्हा ऐकूच आलं नाही. चांगल्या कामासाठी कोर्टाचं दार लावून घेतलं, तरी किल्ली पुढच्या सरकारच्या हातीही जाते. ते सरकार कसं निघेल, हे कुणी लिहून दिलेलं नसतं.

ऑगस्ट १९७५ मध्ये ३९ वी दुरुस्ती झाली आणि त्याच यादीत ९२ व्या क्रमांकावर मिसा जाऊन बसला. जमिनीशी काडीचा संबंध नसलेला, खटल्याशिवाय डांबून ठेवण्याचा कायदा! मला गणित शिकवणारे मास्तर त्या कायद्याखाली येरवड्यात होते. त्यांच्या बायकोला घेऊन मी वकिलाकडे गेलो, तेव्हा वकिलांनी कागद न उघडताच परत केले. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानंही ४ विरुद्ध १ असं ठरवलं की, आणीबाणीत अशा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना.

आणि मसानी? सत्तरी गाठलेला हा माणूस. 'फ्रीडम फर्स्ट' या त्यांच्या मासिकातला मजकूर सेन्सॉरनं अडवला, तर ते मुंबई हायकोर्टात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी त्यांची बाजू उचलून धरली. सगळ्या वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही, असं त्यांनी सरकारला बजावलं. ज्यांना मी खोतांचे वकील म्हणायचो, त्यांच्यातलाच एक माझ्या मास्तरांसारख्यांच्या बाजूनं कोर्टात उभा होता.

मालमत्तेबाबत मी अजूनही त्यांच्या मताचा नाही. कुळकायदा नसता तर तू लॉ कॉलेज पाहिलं नसतंस. पण घटनेची तुझी प्रत उघड आणि नववं परिशिष्ट काढ. दुसऱ्या क्रमांकावर आपला कायदा आहे. ९२ समोर मात्र कायद्याचं नाव नाही. ते १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं वगळलं.

तुझा,
आजोबा