सुटका आणि बेगुनाही

घरातून एखादी वस्तू गेली की पहिला संशय कोणावर जातो, हे सांगायला नको. बीड शहरात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे शेत नसते, बँकेत ठेव नसते. तिची कमाई म्हणजे तिचे नाव. एका घरच्या शब्दावर तिला दुसऱ्या घरचे काम मिळते. नाव गेले की रोजी गेली. म्हणून बदगुमानी ही केवळ मनातली गोष्ट राहत नाही. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये तिची गणना गुनाहात झाली आहे, ती उगाच नव्हे.

हरवलेल्या वस्तूऐवजी मामला खुनाचा असेल तर काय होते, हे देशाने २००८ साली पाहिले. १६ मे रोजी नोएडात आरुषी या शाळकरी मुलीचा मृतदेह सापडला. घरचा नोकर हेमराज बेपत्ता होता. लगेच तो खुनी ठरला. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर त्याचाही मृतदेह मिळाला. ज्याला आरोपी म्हटले, तो स्वतःच बळी होता. पुढे आणखी तीन गरीब तरुण पकडले गेले. त्यांतले दोघे इतर घरांतील नोकर होते. त्यांच्या नार्को चाचण्या झाल्या, वाहिन्यांवर चर्चा रंगल्या. वेळेत आरोपपत्र दाखल न झाल्याने ते जामिनावर सुटले. त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही, हे सीबीआयने २०१० च्या अखेरीस न्यायालयाला कळवले. संमतीशिवाय अशी चाचणी घेणे घटनाबाह्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला होता. आरुषीच्या आईवडिलांना २०१३ मध्ये शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांचीही निर्दोष मुक्तता केली.

ते तरुण सुटले. पण त्यांचे नाव त्यांना कोणी परत दिले?

हजरत यूसुफ (अ.) हेही परक्या घरात विकत आणलेले गुलाम होते. मालकिणीने तोहमत घेतली. सदरा मागून फाटला होता. म्हणजे पुरावा त्यांच्या बाजूने होता. तरी कैद त्यांनाच झाली. पुढे बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा ते धावत बाहेर आले नाहीत. आधी त्या स्त्रियांची चौकशी करा, असा निरोप त्यांनी उलट पाठवला. तुरुंगाचे दार उघडणे म्हणजे सुटका. बेगुनाही जाहीर होणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा मान मोठा आहे.

हे आम्हा मुसलमानांना कोणी शिकवायला नको. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेल्या आपल्या तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केले. अटकेची बातमी केवढी होती आणि सुटकेची केवढी, हे आम्ही पाहिले आहे. ज्याने हे दुःख ओळखले, त्याने तरी आपल्या मोलकरणीची पिशवी तपासण्यापूर्वी थांबावे.

आणि संशय बोलून झालाच असेल, तर नुसती मनातल्या मनात तौबा पुरेशी नाही. तौबा अल्लाहपाशी होते. बंद्याचा हक्क बंद्यालाच परत करावा लागतो. ज्या मोहल्ल्यात तिचे नाव घेतले, त्याच मोहल्ल्यात, त्याच माणसांसमोर ती बेगुनाह असल्याचे सांगितले पाहिजे. तिच्या रोजीचा प्रश्न आहे.