शत्रूला राक्षस रंगवावे का?

युद्ध सुरू झाले की नियतकालिकांतल्या चित्रांत शत्रूला शिंगे फुटतात, सुळे येतात. शत्रूचे कृत्य आसुरी म्हणून दाखवणे धर्माला धरूनच आहे. पण त्याचा सारा समाज आसुरी ठरवणे हा अधर्म आहे, असे मला वाटते. एप्रिल 1917 मध्ये लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात आलेले व्यंगचित्र पाहा. जर्मन कैसर एका रंगरुटाला कारखाना दाखवतो आहे; जिवंत असो वा मेलेला, तू माझ्या उपयोगाचाच, असा त्याचा आशय. जर्मन आपल्याच सैनिकांच्या प्रेतांची चरबी काढतात, ही वदंता त्यामागे होती. ती निराधार असल्याचे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी 1925 मध्ये पार्लमेंटात मान्य केले. पुढे नाझींच्या खऱ्या नरसंहाराच्या बातम्या आल्या, तेव्हा याही तसल्याच थापा असतील, असे अनेकांना वाटले.

आपल्याकडे 1962 मध्ये व्यंगचित्रांतला चीन म्हणजे आग ओकणारा ड्रॅगन. आक्रमण खरे होते, संतापही रास्त होता. पण त्याच सुमारास चिनी वंशाच्या सुमारे 3,000 रहिवाशांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले. तो निर्णय सरकारचा होता, चित्रकारांचा नव्हे, हे मान्य. परंतु ड्रॅगनला घरदार नसते, लेकरे नसतात. त्यामुळे त्याला डांबल्याची हळहळही कोणाला वाटत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांनी वाचवलेली माणसे वीस वर्षांत राक्षस झाली, असे सोलापूरकराने कसे म्हणावे?

आमची देवीच महिषासुराला मारते, मग चित्रकाराने का मारू नये, असे कोणी विचारील. तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनीच आहे. पण देवीमाहात्म्यात त्या वधानंतर देवांनी केलेली स्तुती वाचावी. समरात निष्ठुर असलेल्या देवीच्या चित्तात शत्रूविषयी कृपा आहे आणि तिच्या शस्त्राने पडलेल्यांनाही सद्गती मिळते, असे तिथे सांगितले आहे. रावण पडल्यावर वैर संपले, असे म्हणून वाल्मीकींचा राम बिभीषणाला त्याचे अंत्यसंस्कार करायला सांगतो. अशा दयेने लढणाऱ्यांचा धीर खचेल, हा दुसरा आक्षेप. पण राम काय, देवी काय, दोघांनीही युद्ध अर्धवट सोडले नाही. म्हणून युद्धकाळात अंक हाती घेणाऱ्याने चित्रात गुन्हा दिसतो की नुसता वंश, एवढे तपासावे. वंशच दिसत असेल, तर ते चित्र नाकारावे.