पहिल्या धारेचा प्रश्न

'पहिल्या धारेची' हा हातभट्टीने मराठी भाषेला केलेला आहेर आहे. ज्यांची मजल आयुष्यात मोसंबीच्या रसापलीकडे गेली नाही, तेही नाक्यावर ऐकलेल्या शिवीला बिनदिक्कत पहिल्या धारेची म्हणतात!

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. पुढच्याच वर्षी संपूर्ण दारूबंदी आली आणि लालबाग-परळात, धोबीतलावच्या आंटीकडे, काळा गूळ आणि नवसागर यांना सोन्याचे दिवस आले. गूळ-पाणी पिंपात आंबवायचं, चुलीवर तापवायचं, वाफ गार करून थेंब थेंब जमवायचा. माल मोटारच्या ट्यूबमधून गावभर हिंडायचा. त्याच वेळी साहेबलोक डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'प्रकृतीसाठी' परवाना काढून राजरोस प्यायचे.

मी पडलो कॉमर्सवाला. वाफ तीच, मग पाप कुठल्या खात्यात टाकायचं? गोव्याची काजूफेणी २००९ पासून भौगोलिक मानांकन मिरवते आहे. आयर्लंडमधले शेतकरी 'पोचीन' नावाची दारू चोरून गाळत. तिच्यावर १६६१ साली बंदी आली, आणि देशात विकायला परवानगी मिळाली १९९७ साली. म्हणजे ३३६ वर्षांचं पाप एका सहीत माफ! आमच्याकडे तेवढ्यात साधं पासबुक भरून मिळत नाही.

तेव्हा सरकारी शिक्का म्हणजे नीतीचा दाखला नव्हे, हे कबूल. पण रसिकहो, टाळ्या जरा थांबवा. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत गावठी पिऊन शंभरावर माणसं गेली. गुळाने नव्हे, मिथेनॉल नावाच्या कारखान्यातल्या विषाने.

चेक आला की आम्ही आधी सही बघतो. मागे कोण उभा आहे ते कळायला हवं. आंटी काही साध्वी नव्हती. पगाराच्या दिवशी पाकीट तिच्याकडे रिकामं झालं की घरची चूल थंडच राहायची, आणि ते पाप तिचंच. पण मेलेल्या गिऱ्हाइकाकडून उधारी वसूल होत नाही, एवढा हिशेब तिला पक्का कळत होता. माल पाच हातांतून फिरला की मात्र सही पुसली जाते, आणि मग पेल्यात काय आहे याची जबाबदारी कुणाचीच उरत नाही. धंदा अंधारात ढकलणाऱ्या कायद्याच्या नावेही त्यातले चार आणे लिहायला हवेत.

माझा ताळेबंद एवढाच: जे आपण स्वतः प्यायला धजत नाही, ते दुसऱ्याच्या पेल्यात ओतू नये. हा नियम दारूला लागू आहे, तसाच बँका काउंटरवर गळ्यात मारतात त्या योजनांनाही. पण ते जाऊ द्या. मला अजून पंधरा वर्षं नोकरी करायची आहे.