तराजूही तोलावा लागतो

एक फोटो पाहून कॅमेऱ्याबद्दल मत देऊ नये, हे छायाचित्रकारांना कोणी सांगावे लागत नाही. म्हणून खिशात मावणाऱ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची परीक्षा घेताना तीच वस्तू भर उन्हात, सावलीत, ट्यूबलाइटखाली आणि जवळपास अंधारात टिपली जाते. आयएसओ १०० पासून ६४०० पर्यंत चढवत नेतात. २४ रंगचौकोनांचा तक्ता आणि बारीक रेघांचा तक्ता भिंतीवर लावून फोटोत ते कसे उतरले ते ताडून पाहतात. हे सगळे बाजाराचे काम वाटते, आणि बहुतांशी ते तसेच असते. पण त्याच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे: ज्याच्या आधारे आपण जग जाणतो, त्याचा खरेपणा कशाने जाणायचा? माझे म्हणणे असे, की न्यायदर्शनाने या प्रश्नाला दिलेले उत्तर कॅमेऱ्याच्या परीक्षेला नेमके लागू पडते, आणि ते एकदा मानले की 'या कॅमेऱ्याला शंभरपैकी इतके गुण' ही भाषा टिकत नाही.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल. कॅमेरा काही जाणत नाही, जाणणारा माणूस. मग जड यंत्राच्या प्रामाण्याची चर्चा कशाला? नैयायिकांना ही अडचण कधी वाटली नाही. त्यांच्या लेखी प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि डोळाही स्वतः काही जाणत नाही. नवव्या शतकातला काश्मीरचा जयंत भट्ट 'न्यायमंजरी'त याच्याही पुढे जातो. एखादे एकटे साधन प्रमाण नसतेच, तर ज्ञान घडवणारी सगळी सामग्री मिळून प्रमाण होते, आणि त्या सामग्रीत चेतन-अचेतन दोन्ही येते, असे तो म्हणतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. भिंग, सेन्सर, आतला प्रोसेसर, दिव्याचा रंग, उजेडाचे प्रमाण, हाताचा कंप हे सगळे मिळून चित्र खरे किंवा खोटे ठरते. तेव्हा परीक्षा कॅमेऱ्याची होत नसते, सामग्रीची होत असते. दिवा बदलला की सामग्री बदलली. निरनिराळ्या परिस्थितीत चाचणी घेणे हे म्हणून परीक्षकाचे जास्तीचे कष्ट नव्हेत. त्याखेरीज विचारण्याजोगा प्रश्नच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. डिजिटल चित्र मुळातच रचलेले असते, मग त्याच्या सत्याच्या गोष्टी कशाला करायच्या? हा आक्षेप वस्तुस्थितीवर उभा आहे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्या रंगगाळणीचे पेटंट मिळाले, ती आज बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर असते. तिच्यामुळे प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. २ कोटी बिंदूंच्या चित्रात रंगांचे ६ कोटी आकडे लागतात. त्यातले २ कोटी मोजलेले असतात आणि उरलेले ४ कोटी शेजाऱ्यांवरून काढलेले. म्हणजे ज्याला आपण प्रत्यक्षाचा पुरावा म्हणतो, त्याचा दोन तृतीयांश भाग अनुमान आहे! पण अनुमान म्हणजे खोटे, असे चार्वाकाखेरीज फारसे कोणी म्हटले नाही. अनुमान व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या कायमच्या साहचर्यावर, उभे असते. इथली व्याप्ती अशी, की शेजारशेजारच्या बिंदूंचे रंग सहसा एकमेकांशी जुळते असतात. आकाश, भिंत, चेहरा यांच्या बाबतीत ती टिकते. बारीक विणीच्या कापडावर मात्र धागे बिंदूंइतकेच बारीक होतात, व्याप्ती मोडते आणि कापडात कधीच नसलेले रंगीत पट्टे फोटोत उमटतात. न्यायाच्या भाषेत हा सव्यभिचार हेतू, म्हणजे साध्य नसतानाही आढळणारा हेतू, झाला. परीक्षक बारीक रेघांचा तक्ता लावतो तो हा व्यभिचार कुठे सुरू होतो हे पाहण्यासाठी. चित्र रचलेले आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ते कोणत्या नियमाने रचले आणि तो नियम कुठे तुटतो, हे सांगता आले पाहिजे.

छोट्या कॅमेऱ्याची खरी कसोटी लागते ती अंधारात. त्याचा सेन्सर बऱ्याचदा सुमारे ६.२ मिलिमीटर लांब आणि ४.६ मिलिमीटर रुंद असतो. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या मोठ्या सेन्सरच्या मानाने क्षेत्रफळ तिसाव्या हिश्श्याएवढे. तितकाच प्रकाश कमी जमा होतो. प्रकाशकण येतात ते पावसाच्या थेंबांसारखे, अनियमित. सरासरी १०,००० कण जमले तर चढउतार शंभराच्या आसपास, म्हणजे १ टक्का. १०० च कण जमले तर चढउतार दहाचा, म्हणजे १० टक्के. हीच ती दाणेदार खरखर, जिला सगळे नॉइज म्हणून नावे ठेवतात. मला या तक्रारीत गोंधळ दिसतो. नैयायिकांनी अयथार्थ ज्ञानात संशय आणि विपर्यय हे भेद केले: हा खांब की माणूस, हा संशय, खांब असताना हा माणूसच, हा विपर्यय. दाणेदार चित्र संशयाच्या जातीचे आहे. इथे मला पुरेसे दिसले नाही, असे ते उघड सांगते. कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर ती खरखर पुसते तेव्हा केसांच्या बटा मेणासारख्या सपाट होतात, गवताचा हिरवा लगदा होतो, आणि चित्र मात्र स्वच्छ दिसते. संशयाच्या जागी विपर्यय आला, आणि गुण वाढले! २०१३ साली झेरॉक्सच्या काही स्कॅनर-कॉपियर यंत्रांत हाच प्रकार टोकाला गेलेला आढळला. फाइल लहान करण्यासाठी ही यंत्रे एकसारखे दिसणारे आकडे एकच समजत, आणि बांधकामाच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळे बदलून छापली जात. आकडे पुसट असते तर कोणीही मूळ कागद मागवला असता. ते सुबक होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. तेव्हा अंधारातल्या चाचणीत 'किती स्वच्छ' याआधी 'न दिसलेले दिसल्यासारखे दाखवले का' हे विचारले पाहिजे, आणि बहुतेक परीक्षणे ते विचारत नाहीत.

आता अनवस्थेचा आक्षेप. कॅमेरा तक्त्याने तपासला. तक्ता कशाने तपासायचा? नागार्जुनाने 'विग्रहव्यावर्तनी'त प्रमाणवाद्यांना हेच विचारले होते: प्रमाणांनी वस्तू सिद्ध होतात, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातले उत्तर तराजूचे आहे. तराजू सोने तोलतो तेव्हा तो प्रमाण. त्याच तराजूबद्दल शंका आली, की माहीत असलेल्या वजनाच्या सोन्याने तराजू तपासतात. तेव्हा सोने प्रमाण आणि तराजू प्रमेय. भूमिका बदलतात, साखळी अनंत लांबत नाही. पण इथे नागार्जुनाचा पक्ष घेणाऱ्याला एक जोरकस पुरावा देता येईल. फिल्मच्या काळात रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना कोडॅक जे कार्ड पुरवत असे, ते 'शर्ली कार्ड' म्हणून ओळखले जाई, कारण त्यावर आधी शर्ली नावाच्या गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. तिची कांती नीट आली की रंग बरोबर. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात बुडून जात, आणि ते अनेक दशके चालले. म्हणजे सोनेच खोटे होते. पण ते उघडकीस आले कसे? कृष्णवर्णीयांच्या तक्रारी होत्याच. शिवाय लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांनीही आपल्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत येत नाहीत म्हणून कुरकुर केली. नवे सोने आले आणि जुने तोलले गेले. या उदाहरणाने मापनच अशक्य आहे असे ठरत नाही. आजवर तोलले न गेलेले काहीतरी पारड्यात टाकल्याशिवाय माप सुधारत नाही, एवढे मात्र ठरते.

मीमांसक कुमारिल भट्टाचा अनुयायी म्हणेल, एवढी शंका हवीच कशाला? ज्ञान स्वतःच प्रमाण असते. साधनात दोष सापडला किंवा पुढे बाध झाला तरच ते सोडावे. रोजच्या वापरात हे मान्य करायलाच हवे, नाहीतर कोणी फोटोच काढणार नाही. पण साधनातला दोष आपोआप सापडत नाही. उन्हातच फोटो काढणाऱ्याला कॅमेऱ्याचा अंधारातला दोष आयुष्यभर कळणार नाही. मीमांसकाने सांगितलेली अटच मुद्दाम घेतलेली परीक्षा मागते.

राहिला आवडीचा प्रश्न. लोकांना आठवणीतले आकाश खऱ्यापेक्षा अधिक निळे वाटते, हे रंगांचे अभ्यासक बार्टलसन यांनी १९६० सालीच दाखवले, आणि उत्पादक तसे रंग भरतात. ज्याला अल्बम करायचा आहे त्याचे यात काही बिघडत नाही. न्यायाची शेवटची कसोटी प्रवृत्तीचे साफल्य, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती यशस्वी होणे, हीच आहे, आणि त्याची प्रवृत्ती सफल झाली. पण तोच कॅमेरा अंगावरच्या पुरळाचा फोटो डॉक्टरांना पाठवायला वापरला तर प्रयोजन बदलते आणि निकालही. समईच्या उजेडातले पांढरे उपरणे पांढरे दाखवावे की पिवळसर, हेही असेच: कापडाचा रंग हवा की उजेडाचा, ते आधी ठरवावे लागते. म्हणून सत्य ज्याचे त्याचे, असे मात्र नाही. प्रश्न ठरला की उत्तर ठरते. आणि कमी दाबाच्या सोडियम दिव्याखाली, जिथे जवळपास ५८९ नॅनोमीटरचा एकच पिवळा प्रकाश असतो, तिथे लाल आणि हिरव्या कापडातला रंगाचा फरक कोणताच कॅमेरा सांगू शकत नाही. ती सामग्रीच अपुरी आहे.

परीक्षण वाचताना म्हणून शेवटचा आकडा सोडा आणि कोणत्या दिव्याखाली, कोणत्या आयएसओला, कोणत्या वस्तूवर कॅमेरा फसला ते शोधा. ते लिहिलेलेच नसेल, तर दुकानात उभे राहून मंद उजेडात सोबतच्या माणसाच्या केसांचा एक फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून पाहा.