देणारी आई



‘इमिजिएट फॅमिली’ (१९८९) या अमेरिकन चित्रपटात एक सुखवस्तू जोडपे मुलासाठी झुरत असते. लूसी नावाची गरीब तरुणी आपले होणारे मूल त्यांना दत्तक देण्याचे कबूल करते. पण बाळ कुशीत येताच तिचे मन फिरते. शेवटी मात्र ती स्वतःच ते त्यांच्या हाती देते.

पाहताना आम्ही नकळत श्रीमंत जोडप्याचीच बाजू घेतली. ‘लेकराचे भले झाले,’ असे म्हणून आम्ही मोकळे झालो. देणारीचे काय?

निर्गम २ वाचा. फारोच्या कन्येने मोशेला पुत्र केले, आणि जन्मदात्रीने आपल्याच लेकराला वेतन घेऊन पाजले! राजवाड्याच्या दृष्टीने ती केवळ दाई होती. पवित्र शास्त्राने मात्र योखबेद हे तिचे नाव जपले, आणि इब्री ११:२३ मध्ये मोशेच्या आईबापांच्या विश्वासाची नोंद केली.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या वर्गात दत्तक लेकरू असेल. ‘टाकून दिलेले’ हा शब्द आपल्या मुखातून कधीही निघू नये. गरिबीमुळे रिकामी झालेली कूस देवाला ठाऊक आहे. तिचा मान राखण्यास प्रभू आम्हांला शिकवो. आमेन.